प्राथमिक साधनांच्या शोधात मामा

"संदर्भच शोधायचेत ना? मग हा मामा कशाला आहे?" असं म्हणून मामाने छाती फुगवली. छातीआधी पोटच पुढे आलं, ती गोष्ट वेगळी!

भाचीचा जीव टांगणीला लागला होता. जुना पोहण्याचा तलाव बंद का पडला, यावर तिचा कॉलेजचा प्रकल्प होता. इंटरनेटवर जिकडेतिकडे एकच कथा: तिथे कोणीतरी बुडालं! कोण, कधी, कोणी पाहिलं, कशाचा पत्ता नाही. सरांनी सगळं लिखाण परत केलं. "प्राथमिक साधनं आण, नाहीतर विषय बदल!"

"मामा, प्राथमिक साधनं म्हणजे..."

"कळलं, कळलं!" मामा चपला अडकवून बाहेरसुद्धा पडला.

आणि थेट प्राथमिक शाळेत गेला.

मुख्याध्यापिकांच्या खोलीला रंग चालला होता, म्हणून बाई पहिलीच्या रिकाम्या वर्गात बसल्या होत्या. "बसा. प्रवेशासाठी का?"

मामा समोरच्या बाकावर बसला. बसला कसला, उशीच्या अभ्र्यात गादी कोंबावी तसा त्याने स्वतःला कोंबला!

"भाचीसाठी आलोय."

"वय?"

"एकोणीस."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पहिलीत?"

"छे हो! कॉलेजात आहे. पण सर म्हणतात, प्राथमिक पाहिजे."

"इतकी कच्ची आहे?"

"हुशार आहे हो! फक्त साधनं नाहीत बिचारीकडे."

बाईंना भरून आलं. त्यांनी कपाटातून पाटी, मण्यांची चौकट आणि अक्षरांचे ठोकळे काढून मामाच्या पुढ्यात ठेवले. मामाही भारावला. आभार मानायला उठला, तर बाकही उठला!

बाईंनी ओढून पाहिलं, शिपायाने ढकलून पाहिलं. शेवटी सुताराला निरोप गेला आणि भाचीला फोन.

भाची धापा टाकत आली. "मामा! इथे काय करतोयस?"

"तुझी साधनं!" मामाने बसल्या जागेवरून पाटी दाखवली.

भाचीने कपाळावर हात मारला. "अरे, प्राथमिक साधनं म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्यांची माहिती, त्या वेळचे फोटो!" मग तिने बाईंना तलावाचा सगळा प्रकार सांगितला. ऐकता ऐकता बाई ताठ झाल्या.

"बुडालं? कोण बुडालं? अगं, मी तिथे पोहायला शिकवायचे! शेवटच्या दिवसापर्यंत होते. तळाला तडा गेला होता, पाणी ठरेना. शेवटी आम्ही पाण्यात निळा रंग सोडला, तर शेजारच्या छापखान्याचं तळघर निळं! फोटो आहेत घरी."

भाचीने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तेवढ्यात सुतार आला आणि त्याने करवत लावली.

"थांबा हो काका! आवाज येतोय!" भाची ओरडली.

"अगं, पाय बधिर झालेत माझे!"

"मामा, दोनच प्रश्न राहिलेत!"

दोनाचे वीस झाले. मामा ठोकळे रचत बसला. त्याचे तीन मनोरे झाले तेव्हा कुठे सुटका झाली.

पुढे छापखान्याच्या मालकांनीही निळ्या भिंतींची हकिकत जशीच्या तशी सांगितली. बाईंचे फोटो, दोघांच्या मुलाखती! सर इतके खूश झाले की प्रकल्प त्यांनी वर्गात वाचून दाखवला.

मामाने तो घाईघाईने चाळला. "माझं नाव घातलंस ना?"

"घातलं की!"

"पण आभारात तर दिसत नाही?"

भाचीने शेवटचं प्रकरण उघडून दिलं: 'संशोधनातील अडचणी'.