पावसकर सरांचे बुडबुडे

झाडं माणसाला प्राणवायूचं दान देतात, हे सत्य रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत दरवर्षी वृक्षारोपणाच्या दिवशी हार घातलेले पाहुणे गंभीरपणे सांगत. आणि दरवर्षी शिक्षकांच्या मागच्या रांगेतून आवाज येई, "दान कसलं? सांडतो!"

आवाज पावसकर सरांचा. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. शिवाय आम्ही शेजारी. मध्ये जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा.

सरांचं म्हणणं असं, की झाड ऊन, पाणी आणि हवा घेऊन स्वतःपुरती साखर रांधतं. त्यात ऑक्सिजन सुटतो, तो बाहेर टाकतं. "तुमच्या मोरीचं पाणी माझ्या केळीला मिळतं, म्हणून तुम्ही काय कर्ण झालात?" एकदा हे ऐकून पाहुणे पुढचं भाषणच विसरले. वृक्षारोपण मात्र झालं. खड्डा गेल्या वर्षीचाच होता.

"दाखवा" हा सरांचा आवडता शब्द. शहाळ्यात भरपूर पाणी आहे म्हणणाऱ्या बाईलाही ते "दाखवा" म्हणत. विझत आलेली उदबत्ती नळीत धरल्यावर भप्पकन पेटल्याशिवाय त्यांनी कुठल्या वायूला ऑक्सिजन म्हटलं नाही. आणि शाळेचा खडू चुकून खिशातून घरी आला, तर दुसऱ्या दिवशी तो परत जायचा.

सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, दमा होता. धाप लागली की त्या घाबरत, घाबरल्या की धाप वाढे. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण मन कशात तरी गुंतवा. दुसऱ्या कोणी भजनाच्या कॅसेटी आणल्या असत्या. सरांनी विहिरीतून हायड्रिला आणलं.

काचेच्या भांड्यात ही पाणवनस्पती, तिच्यावर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्यानं भरलेली उलटी परीक्षानळी. सगळं पाण्यात बुडालेलं, वहिनींच्या खाटेशेजारच्या खिडकीत. ऊन आलं की पानांतून बारीक बुडबुडे सुटून नळीत चढायचे. "एक गेला की श्वास घ्यायचा, दुसरा गेला की सोडायचा," सरांनी शिकवलं. आश्चर्य म्हणजे धाप खरंच बसायची.

मग आषाढात आठवडाभर ऊन पडलं नाही. सरांनी शंभराचा दिवा भांड्याजवळ लावून पाहिला, पण वादळी पावसात दिवेच गेले. बुडबुडे थांबले. वहिनींची धाप गडग्यापलीकडून ऐकू येऊ लागली.

सर छत्री घेऊन माझ्या दारात आले. "टॉर्चचे संपलेले सेल आहेत?"

"संपलेलेच हवेत?"

"नवे फोडायचे म्हणजे चैन झाली."

चार घरं फिरून त्यांनी सेल गोळा केले. मग औषधाच्या दुकानात जाऊन कान साफ करायच्या औषधाच्या सहा बाटल्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "सर, कानात बागायत केलीत की काय?" सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींना बघायला गेलो. बाहेर पाऊस कोसळत होता, दिवे नव्हते, आणि भांड्यात बुडबुडे मात्र उन्हाळ्यातल्यासारखे. नीट पाहिलं तर भिंतीच्या कडेनं एक बारीक रबरी नळी आली होती आणि हायड्रिलाच्या खालून नरसाळ्यात शिरली होती.

सरांनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याखाली एक बाटली होती. तळाला सेलमधली धुतलेली काळी पूड, तिच्यावर सर थेंबाथेंबानं कानाचं औषध, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, टाकत होते. ते फसफसलं की ऑक्सिजन सुटून नळीत जायचा.

"शाळेतून काहीही आणलेलं नाही," सर आधी हे म्हणाले. मग म्हणाले, "आणि आहे तो ऑक्सिजनच. उदबत्ती लावून पाहिलंय."

"पण झाडाचा नाही."

"नाही," सर बाटलीकडे बघत म्हणाले. "तिला बोलू नका."

मी बाहेर येऊन खाटेजवळच्या खुर्चीवर बसलो. वहिनींनी आवाज खाली आणला. "भावजी, नळी दिसली ना?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"अहो, उन्हाशिवाय बुडबुडे येत नाहीत, हे ह्यांनीच मला दहादा समजावलंय. मी काय खुळी आहे? पण भांडं थांबलं तेव्हा माझ्यापेक्षा ह्यांचाच जीव घाबरा झाला. जेवले नाहीत. ते बघून माझी धाप आणखी वाढली. आता सारखे थेंब टाकायला उठतात, पण तोंडावर तेज आलंय बघा. बोलू नका हं."

आतून सरांनी विचारलं, "येतायत का गो?"

वहिनींनी एक बुडबुडा जाऊ दिला, श्वास घेतला आणि एका दमात उत्तर दिलं, "येतायत हो! अगदी छान येतायत!"

ऊन पडेपर्यंत हे रोज चाललं. दोघांनाही मी शब्द दिला होता, तो पाळला. परीक्षानळी भरली की सर ती रिकामी करून पुन्हा पाण्यानं भरून ठेवत. त्या नळीत पंचवीस मिलिलिटर वायू मावतो. माणसाला एका श्वासाला साधारण पाचशे मिलिलिटर हवा लागते.