गवताच्या गाठी

आमच्या शाळेतले सावळेराममामा चालता चालता गवताला गाठी मारत. पन्नासेक पावलं झाली की वाकायचं, वाटेकडेचं गवत मुठीत धरायचं, गाठ मारायची, पुढं निघायचं. म्हणायचे, "धुकं आलं तर वाट घावती." दिवाळी तोंडावर आलेली, आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख.

"मामा, या दिवसांत धुकं नसतं," मी सांगितलं. मी भूगोल घेऊन बी.ए. झालेलो.

"तुमच्या बुकात नसंल, गुरुजी."

मामा शिपाई. शाळेची घंटा त्यांच्या हाती, आणि ती कधी वेळेवर झाली नाही. हेडमास्तर ओरडले की म्हणणार, "डोंगर काय पळून चाललाय?" घंटेचा आणि डोंगराचा संबंध काय, हे विचारायची हेडमास्तरांचीही छाती नव्हती.

मी तिसगावकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे आणि मी घराण्यातला पहिला पदवीधर, हे मी कुणी न विचारताही सांगतो. नव्वद सालानंतर दोनतीन वर्षांनी भंडारदऱ्याकडं नोकरी लागली. तोवर पाणी मी टँकरच्या नळीतून पडताना पाहिलेलं. त्या रविवारी मामांमागून डोंगराच्या धारेवर चढलो, खाली बघितलं आणि पाय थांबले. डोंगरांच्या पायांना बिलगून निळं पाणी पसरलेलं, कुठं संपतं तेच कळेना. वर कमरेएवढं गवत. वारा आला की अख्खी टेकडी जनावरानं अंग थरथरवावं तशी हलायची. 'जलाशय' हा शब्द मी परीक्षेत शंभरदा लिहिला असेल. आता तोंडातून निघेना.

"बसा," मामा म्हणाले. "पयल्यांदा बघनाऱ्यानं बसूनच बघावं. उभ्यानं डोकं फिरतं."

मी बसलो. मामा अनवाणीच उभे होते. कोऱ्या चपला त्यांनी पिशवीत ठेवलेल्या.

"घालायच्या नाहीत तर आणल्या कशाला?"

"ऱ्हाऊ द्या की. तुमाला वज्जं हुतंय का?"

मामांना एकच लेक, चंद्री. खिंडीपलीकडच्या गावात दिलेली. दिवाळीला लेकीला माहेरी आणायला बापानं नाहीतर भावानं मुराळी म्हणून जायचं, अशी रीत. चंद्रीला भाऊ नव्हता. दोन वर्षांपूर्वी मामा तिला आणायला गेले, तर जावयानं उठून रामराम केला नाही. मामांनी पाण्याचा तांब्या तसाच ठेवला आणि "खिंडीपलीकडं माजं पाऊल पडायचं न्हाई" असं सांगून माघारी आले. तेव्हापासून चंद्रीच्या दोन दिवाळ्या सासरीच गेल्या. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि दिवाळीआधीच्या रविवारी मामा खिंडीपर्यंत येतात, हेही. "पाय मोकळं कराया," म्हणायचे.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. मामा लेकीच्या गावाकडं पाठ करून बसले, नाचणीची भाकरी सोडली. माझं मन भरलं नव्हतं. पलीकडचा मुलूखही बघावा म्हणून मी चार पावलं उतरलो.

"मामा, इकडं पण गाठी मारल्यात की तुम्ही."

"मी कशाला मारीन? दोन वर्सं तिकडं गेलोय का मी?"

"मग ही कुणाची? हिच्यात पिवळं फूल खोवलंय. सुकलंही नाही अजून."

मामांचा घास हातातच राहिला. उठून खिंडीच्या तोंडाशी आले आणि तिथूनच वाकून बघत राहिले.

"बारकी हुती तवापास्नं हेच," ते म्हणाले. "गवत कापाया आलो का मी गाठ मारायचो, ही मागनं येऊन फूल खोवायची."

खाली वाटेवर आणखी एक गाठ होती. तिच्या खाली आणखी एक. खिंडीपर्यंत येऊन चंद्री परत फिरली होती.

 मामा दगडावर बसले, पिशवीतून चपला काढल्या, टोपीनं पुसल्या आणि पायांत सरकवल्या.

"मामा, पलीकडं पाऊल पडायचं नव्हतं ना?"

"पाऊल कुटं पडतंय? चपला हाय की मधी."

आणि ते उतरायला लागले. मला पळावं लागलं.

"मामा, जरा हळू. डोंगर काय पळून चाललाय?"

त्यांनी मागं बघितलं नाही. तेवढ्या उतारात एकही गाठ मारायला ते वाकले नाहीत.