बयाबाई जेवायला आली

गोपाळकृष्णपंतांनी दार उघडलं आणि नमस्कार ओठांवरच राहिला. पायरीखाली बयाबाई उभी, मागे तिच्या दोघी जावा. तिघींनी ठेवणीतली लुगडी नेसलेली.

"आलो बगा," बयाबाई म्हणाली.

"काही अडचण आहे का?"

"अडचण कसली? तुमीच म्हणलासा न्हवं, या एकदा आमच्याकडं?"

पंतांना आठवलं. गेल्या महिन्यात उंब्रजजवळच्या एका वाडीत, गावकुसाबाहेरच्या वस्तीवर, ते सहभोजनाला गेले होते. निघताना तसं म्हणाले खरे. सांगलीत हे नुसतं म्हणायचं असतं. वाडीत त्याला आवतण म्हणतात.

"सारी वस्ती म्हणली, वसरीच्या फुडं न्हाई घ्यायचे तुला. मी म्हणलं, घरात बसून जेवून येते."

पंत दारातून हलले नाहीत. "असं करू, वाचनालयात छानसा समारंभ ठेवू. हार, भाषणं…"

"भाषण तवाच झालं की. आता भूक लागलीया."

आतून पंतांच्या पत्नी उमाबाई आल्या. जन्मभर सोवळं पाळलेल्या त्या उंबऱ्यापाशी घुटमळल्या. मग त्यांना बयाबाईचे धुळीने माखलेले पाय दिसले.

"स्टेशनापासून चालत आलात हो," त्या म्हणाल्या. "पाणी घ्या पायांवर."

"पाट ओसरीवरच मांडू," पंत घाईने म्हणाले. "हवेशीर आहे."

"तुम्ही रोज कुठे जेवता?" उमाबाईंनी विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"मग?"

पाट स्वयंपाकघरात मांडले गेले. उमाबाईंनी वाढायला पळी घेतली, तशी बयाबाई म्हणाली, "वैनी, तुमी बसा. ह्यांचा हात लय चांगला. आमच्यात ह्यांनीच वाढलं, खरकटं काढलं, भांडीबी घासली."

पळी हवेतच थांबली. "यांनी?"

"व्हय. फोटूवाला व्हता तवर."

लग्न झाल्यापासून पंतांनी स्वतःचं ताट उचललेलं उमाबाईंना आठवेना. त्यांनी पळी नवऱ्याच्या हाती दिली, बयाबाईशेजारी पाट ओढला आणि बसल्या.

"वाढा."

पंतांनी धोतर खोचलं. भात आला, आमटी आली. मग ते थबकले.

"मीठ कुठे असतं?"

"तुमच्याच घरात," उमाबाई म्हणाल्या, आणि चौघींचं हसू तापल्या दुधासारखं वर आलं.

उन्हं कलली तेव्हा बयाबाई निघाली. पायरीवर थांबून म्हणाली, "वैनी, आता तुमी या."

"येते," उमाबाई म्हणाल्या, आणि त्या नुसतं म्हणत नव्हत्या.

मोरीतून पंतांचा आवाज आला, "आणि मी?"

बयाबाईने उमाबाईंकडे पाहिलं. "भांडी झाली का इचारा आधी."