दक्षिणेकडील दार बुजविले त्याची हकीकत

श्री. आठही दिशांस दंडवत. पैकी एकीचे नाव घेण्यास काही काळ मनाई होती, सबब तीस एक दंडवत अधिक. शके सोळाशे चार, दुंदुभीनाम संवत्सरे, आश्विनमासी राजेश्रींच्या मातोश्री आऊसाहेब तापाने पडल्या आणि राजेश्रींनी अन्न टाकिले, मग विघ्नेश्वर जोशी यांसी पाचारण जाहले. जोशीबावा बोलिले, "दक्षिण ही यमाची दिशा. तिकडची दारे-खिडक्या बुजवाव्या, नावही घेऊ नये, म्हणजे यमास वाट सापडणार नाही." राजेश्रींचा मातेवर जीव फार आणि भयही फार, त्यांनी त्याच दिवशी राज्यभर हुकूम सोडिला. मग गवंडी धावले, वाड्यात दिवसा समया लागल्या, आणि आम्हां लिहिणारांचे हाल कुत्रा खाईना. फौज तिकडे पाठविणे तर "उत्तरेकडे पाठ करून नाकासमोर चालणे" ऐसे लिहावे लागे, आणि भटजी दक्षिणा मागत ते मुक्यानेच हात पुढे करीत.

आऊसाहेबांचा ताप उतरला, त्याचे यश हुकुमास गेले. मग मार्गशीर्षात थंडी पडली आणि वाड्यात ओल धरली, आणि आऊसाहेबांचे गुडघे आखडून खोकला बळावला. राजेश्रींस वाटले, कोठे फट राहिली. शोध करविला तो एक दार निघाले. वेशीबाहेर भिवाई कुंभारीण एकटी राहात असे. घरामागे कडा, दोहों अंगांस शेजाऱ्यांच्या भिंती, दार एकच आणि ते दक्षिणेस. हवालदार विटांची गाडी घेऊन उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "बुजवा की! पर आधी सांगा, म्या आत ऱ्हाऊ का भाईर? आत ऱ्हायले तर मरंन, भाईर ऱ्हायले तर घर गेलं. धन्याच्या माघारी एवढंच हाय माझं." हुकुमात ते लिहिले नव्हते, म्हणोन हवालदाराने तीन दिवसांची मुदत दिली आणि विटा अंगणात उतरविल्या.

तिसरे दिवशी सकाळी वाड्यात हलकल्लोळ जाहला, की आऊसाहेब दालनात नाहीत. पालखीच्या भोयांस दरडाविले तेव्हा त्यांनी ठिकाण सांगितले, आणि राजेश्री अनवाणीच घोड्यावर बसले, मागे आम्ही. पाहतो तो भिवाईच्या अंगणात ओल्या मडक्यांच्या रांगेशेजारी गावातले सारे म्हातारे उन्हात बसलेले, मध्ये आऊसाहेब पाय पसरून, आणि कोपऱ्यात कांबळे ओढून खुद्द जोशीबावा!

राजेश्री म्हणाले, "आऊसाहेब, उठा. ही... ही ती बाजू आहे."

"दक्षिण म्हण," आऊसाहेब बोलल्या. "तुझे वडील गेले ते उत्तरेच्या महालात. तिकडं खिडकीसुद्धा नव्हती. यमाला दार लागत नाही रे बाळा, उन्हाला लागतं."

"तुम्ही गेलात तर मला कोण आहे?"

"जाईन तेव्हा जाईन. तोवर ऊब तरी घेऊ दे."

राजेश्रींचे डोळे भरून आले. आम्ही मडक्यांकडे पाहू लागलो, आमचेही भरले होते. मग राजेश्रींनी जोशीबावांकडे नजर टाकिली, तो कांबळ्यातून आवाज आला, "हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, पंचांगात आहेच, महाराज. सांगायचं राहून गेलं."

त्याच दिवशी हुकूम रद्द जाहला, आणि वाड्यातील पहिली वीट राजेश्रींनी आपल्या हाते काढिली, आणि आऊसाहेबांचे अंथरूण दक्षिणेच्या पडवीत पडले. भिवाईस काय पाहिजे म्हणोन पुसले, तिने अंगणातल्या विटाच मागितल्या.

एवंच, आऊसाहेब पुढे नऊ हिवाळे जगल्या. ज्या विटांनी दार बुजवावयाचे, त्यांचा भिवाईने दारापुढे ओटा बांधिला. प्रस्तुत मजकूर त्याच ओट्यावर, दक्षिणेस तोंड करून, उन्हात बसोन लिहिला असे.