शंभर टक्के घसरण

पडेगावच्या अलीकडे आमचं महाविद्यालय आहे. तिथं परदेशी विद्यार्थ्यांची संख्या मागे एका वर्षी शून्यावरून एकावर गेली. ही वाढ टक्क्यांत मांडता येत नाही, असं गणित विभागानं कळवल्यामुळे अहवालात ‘अगणित’ असं लिहिण्यात आलं. मी तिथला ग्रंथपाल. शब्दाबद्दल मला थोडी शंका होती, पण माझंच काही चुकत असावं.

तो एक म्हणजे एडनचा यासिर. दर स्थापनादिनी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होई. नारळ तो ग्रंथालय झाडणाऱ्या सरूबाईंना देई आणि त्यांच्याकडूनच मराठी शिके. शाली मात्र साठत गेल्या.

बीएस्सी झाल्यावर त्यानं टीसी मागितली. तिकडं एडनच्या शाळेनं त्याच्यासाठी शिक्षकाची जागा धरून ठेवली होती. प्राचार्य बद्रीनाथ सरांनी त्याला समजावलं की मूल्यांकन समिती कधीही येईल, आणि तो गेला तर शंभर टक्के घसरण होईल. सबब, संस्थेच्या हितार्थ त्याला एमए मराठीला प्रवेश देण्यात आला. तेही तो पास झाला, तेव्हा योगाच्या पदविकेला. पास होण्याची त्याची सवय संस्थेला जड जाऊ लागली.

“सर, टीसी द्या की. माय वाट बघायली,” तो म्हणाला.

“आधी हे मराठी बंद कर,” सर म्हणाले. “समितीपुढं परदेशी वाटायला नको का?”

समिती आली. यासिर अरबीत बोलला. बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. समितीनं टाळ्या वाजवून शेरा दिला : ‘विद्यार्थी भारावलेला व समाधानी.’ मला घरी जाऊ द्या, एवढंच तो म्हणाला होता. हे त्यानं मला नंतर सांगितलं.

त्याच आठवड्यात सरांच्या मुलाला, शिवराजला, कॅनडाचा व्हिसा मिळाला. सत्कार त्याच सभागृहात झाला. यासिरनं आपल्या साठ्यातली एक शाल त्याच्या खांद्यावर घातली.

“शिवराज, तिथं एकटा पडू नको बाबा. एकटा असला की माघारी सोडत नाईत.”

सर कौतुकानं हसले. “त्याला कुठं माघारी यायचंय?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. टीसीचं पुन्हा राहून गेलं. टाळ्या कुणी सुरू केल्या, ते मला मागून नीट दिसलं नाही. तिसऱ्या रांगेत बहुधा तुम्ही होतात. चूकभूल असेल, माझी नजर आता अधू झाली आहे.