नामदेवकाकांचा वरवंटा

अमरावतीच्या आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ जन्मलं, की नामदेवकाका बघायला येतात ते काखेत वरवंटा घेऊन. बारशाला पाळण्याखालून फिरवतात तसा, टोपडं घातलेला, पंच्यात गुंडाळलेला. तो नव्या बापाच्या हातात ठेवतात आणि लगेच ओरडतात, “मान! मान धर नं बे त्याची!”

“काका, दगड आहे हा.”

“दगड हाय म्हून काय झालं? तुया हातात त्याचीबी मोडन.”

काका गणिताचे निवृत्त मास्तर. एकटे राहतात. बाजारात कुणी दुधी भोपळा देठाला धरून उचलला, तरी ते कळवळतात. मी त्यांना पुष्कळ हसलो आहे.

मग माझी मीरा बाळंतपणात गेली. मुलगी वाचली.

सासूबाई तेल्हाऱ्याहून आल्या होत्या. मुलीचं सगळं त्याच करत. एका सकाळी म्हणाल्या, “तेरवी झाली का हिले घेऊन जातो, जवाईबापू. तुमच्यानं काय होनार हाय?” त्यात टोमणा नव्हता. मी कॉलेजात ग्रंथपाल. मुलगी रडली की मी पुस्तक उघडायचो. बालसंगोपनाची दोन वाचून झाली होती, पण तिला अजून उचललं नव्हतं. मीराचं जे काही उरलं होतं ते तेल्हाऱ्याला जाणार होतं, आणि नाही म्हणायला माझ्याजवळ तोंड नव्हतं.

त्याच संध्याकाळी काका आले. सांत्वनाचा एक शब्द नाही. वरवंटा दिला.

मग रोज शाळा. “पानी बोटानं नको पाहू, कोपर बुडव. बोटं निबर झाली तुयी.” “बाटली नको. वाटी-चमचा उकळून घे.” “पाजलं का खांद्यावर घे. ढेकर आली का मंग निजव, उतानी.” “मध चाटवाचा नाई, कानात तेल टाकाचं नाई.” आणि दुपट्याच्या घड्या पाहून, “एवढ्या उन्हाळ्यात कावून गुंडाळून राहिला? लेकरू हाय का रताळं?”

मीराच्या फोटोपुढे दिवा, आणि त्या उजेडात मी दगडाला थोपटतो आहे. सासूबाई दारातून बघत आणि आत जात. एकदा वरवंटा निसटून माझ्या पायावर पडला. काका आधी वरवंट्याकडे धावले.

तेरवीचे लोक गेल्यावर सासूबाईंनी मुलीचे कपडे पिशवीत भरायला घेतले. मी म्हणालो, “आज अंघोळ मी घालतो.” पाण्यात कोपर बुडवलं. मान धरली. शेवटपर्यंत सोडली नाही. पुसलं, वाटीनं पाजलं, खांद्यावर घेतलं. ढेकर येईना. खूप वेळानं आली.

“मीरालेबी अशीच लवकर ये नाई,” सासूबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. मग पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढले. “मंग मीच राह्यतो इथं काही दिवस.”

दुसऱ्या दिवशी मुलीला खांद्यावर घेऊन वरवंटा परत द्यायला गेलो. काका म्हणाले, “ठेव तिथं.” मुलीकडे बघितलं, पण हात मागे बांधलेलेच.

“घ्या ना.”

“मी लेकरू घेत नाई.” त्यांनी वरवंट्याचा पंचा सोडायला घेतला. “मायी बायको अशीच गेली. पोट्टी इवलीशी. मले धरता ये नाई, मी भेलो. साळी म्हने, मले देऊन टाका. देल्ली. अकोल्याले हाय, चांगली हाय. येते कदीमदी.” पंच्याची घडी घालता घालता म्हणाले, “तिले कोनी सांगतलं नाई. तिच्यासाठी मी मावशीचा नवरा. मले काकाच म्हनते.”

मी त्यांना भिंतीला टेकून बसवलं आणि मुलगी पुढे केली. इतकी वर्षं दगड अचूक धरणारे हात पुढे यायला वेळ लागला.

“मान,” मी म्हणालो.

“धरली,” काका म्हणाले. ओरडले नाहीत.

मुलगी झोपली, तरी त्यांनी ती परत दिली नाही. मीही मागितली नाही.