लूपबाहेरचे गजभियेकाका

गजभियेकाका साखर कधीच कपात घालत नाहीत. पाच कपांत पाचदा चमचा हलवणं त्यांच्या मते गुन्हा. साखर पातेल्यातच एकदा पडली पाहिजे. "दर फेरीत जे काम तेच आहे, ते लूपबाहेर काढ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लूप म्हणजे प्रोग्रॅममध्ये पुन्हा पुन्हा फिरणारं चक्र. चहा असो, कपडे वाळत घालणं असो, काका लूप शोधणारच.

तरुणपणी ते मुंबईत खोलीभर पसरलेल्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवर असेम्ब्ली या किचकट, मशीनच्या जवळच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे. तेव्हा मशीनचा वेळ सोन्याच्या भावाचा, माणसाचा फुकट. म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर ओळीओळीने स्वतः चालवून बघायचा, चुका म्हणजे 'बग' काढून मगच मशीनला द्यायचा. कोबॉलसारख्या सोप्या भाषेत लिहिणारे त्यांच्या लेखी लाडावलेले. "सोय यांची, घाम मशीनचा." त्याहून सोप्या पायथॉनमधला माझा प्रोग्रॅम पाहून त्यांनी माझ्या बिचाऱ्या लॅपटॉपवरून मायेने हात फिरवला.

लेकीच्या बाळंतपणासाठी ते इकडे परदेशात, टार्निटला आमच्या शेजारी आले आणि विमानंच बंद झाली. लॉकडाउनमध्ये दुकानात दिवसातून एकदाच जायची मुभा. निघण्याआधी काका अंगणात उभे राहून सगळी खेप तोंडाने चालवून बघत: आधी डायपर, मग दूध, मग घर. एकदा एवढं करून मास्क न लावताच निघाले. कोपऱ्यावरून परतताना कुंपणापाशी थांबून म्हणाले, "बग सापडला."

काकू नागपूरला, बहिणीकडे. त्यांना अलीकडे विसरायला होतं, एवढा प्रवास झेपला नसता, म्हणून त्या मागे राहिल्या. दुपारी काका अंगणात बसून त्यांना व्हिडिओ कॉल करत. काकू विचारत, कधी येताय? काका विमानांचं सगळं समजावत. काकूंना पटे, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. काका पुन्हा पहिल्यापासून.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, काका, उत्तर एकदाच रेकॉर्ड करून पाठवा, काकूंच्या बहीण लावून दाखवतील. काढा की लूपबाहेर.

काका म्हणाले, "उत्तर तेच आहे गं. पण येतो म्हटलं की ती हसते, ते दर वेळी नवं असतं. आणि ज्या दिवशी विचारायची थांबेल, त्या दिवशी मी कोण, हेही विसरलेली असेल."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"अहो, कधी येताय?"

"विमान सुरू झालं की लगेच, सुमन," काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून सावकाश, पहिल्यापासून सांगू लागले.